तिथी पाहून समुद्राकडे

(सुट्टीतील सहलींच्या निमित्ताने वसमत येथे पालक व शिक्षक यांच्यापुढे एका निवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

समुद्राविषयी बोलण्यासाठी वसमतला उभे राहावे, हा योग थोडा विलक्षणच म्हटला पाहिजे. येथून कोकणचा किनारा साडेपाचशे-सहाशे किलोमीटर दूर. आपल्या आसनेचे पाणी गोदावरीला मिळते, पूर्णेचेही मिळते आणि ते सारे पाणी पूर्वेकडे आंध्रातून बंगालच्या उपसागरात जाते. गंमत पाहा, जी गोदावरी आपले पाणी तिकडे नेते, ती उगम पावते त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर. तेवढे अंतर उतरून जाण्याऐवजी ती पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटरची वाट धरते. तेव्हा महाराष्ट्राचा समुद्र पाहायचा, तर आपल्याला आपल्या नदीच्या उलट दिशेला जावे लागते.

जावे, हे मी आग्रहाने सांगणार आहे. आपल्या राज्याच्या किनाऱ्याची लांबी आजवर ७२० किलोमीटर सांगितली जात असे. नव्या मोजणीने, किनाऱ्याचे बारीक वळसे धरल्यामुळे, ती याहून बरीच अधिक भरली आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा हा सारा प्रदेश आपलाच असून आपल्यापैकी निम्म्या घरांनी तो पाहिलेला नाही. तिरुपती पाहिले आहे, पंढरपूर तर दरवर्षीचे. पण समुद्र पाहिला तो मुंबईला मंत्रालयाच्या कामासाठी गेलो असता, चौपाटीवर, अर्धा तास. हे माझे अनुमान नव्हे. मघाशी मी हात वर करायला सांगितले, तेव्हा आपणच मला दाखवून दिले.

किनारा पाहू लागताच पहिली गोष्ट ध्यानात येते ती दगडांची. अलिबागेपासून खाली रत्नागिरीपर्यंत लाटा ज्या काळ्या खडकावर आपटतात, तो आपलाच खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून जो लाव्हारस वाहिला, त्याचे थर मराठवाड्यात झिजून काळी जमीन झाली. त्याच जमिनीत आज आपली हळद पिकते, जिला २०२४ साली ‘वसमत हळद’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. तिकडे त्याच थरांना समुद्राने कोरून कडे केले, घळी केल्या, पायऱ्या केल्या. गुहागरच्या दक्षिणेस हेदवी येथे बामणघळ म्हणून एक अरुंद चीर आहे. भरतीचे पाणी तिच्यात कोंडले की त्याचा उंच फवारा उसळतो. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरी खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते. शाळेत भूगोलाच्या तासाला फळ्यावर जे काढून दाखवावे लागते, ते तेथे पायांखाली असते.

किनाऱ्यावरची वाळूही सर्वत्र सारखी नाही. कोकणात पुळण हा शब्द आहे; वाळूच्या रुंद किनाऱ्याला तो म्हणतात आणि मला तो ‘बीच’पेक्षा गोड वाटतो. रायगड जिल्ह्यातील पुळणी करड्या, काही ठिकाणी काळसर. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंड, पूर्णगड या बाजूंना वाळूत इल्मेनाइट नावाचे काळे जड खनिज मिसळलेले आढळते. सिंधुदुर्गात मात्र काळ्या पाषाणाची सद्दी संपते, त्याहून कितीतरी जुने खडक लागतात आणि त्यांतील गारगोटीचा चुरा होऊन मालवण, तारकर्ली, भोगवे येथील वाळू पांढरी झाली आहे. पांढऱ्या तळामुळे तिकडचे पाणी हिवाळ्यात निळे-हिरवे व नितळ दिसते.

आता कोणत्या पुळणी पाहाव्यात? मी सगळ्यांची यादी वाचणार नाही. ज्यांच्यावर माझा जीव जडला त्यांच्याविषयीच बोलतो.

दापोली तालुक्यातील मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले ही एक ओळ आहे. (मुरूड या नावाने फसू नका. एक मुरूड रायगड जिल्ह्यात जंजिऱ्यापाशी आहे, दुसरे हे दापोलीचे आणि तिसरे तर आपल्या लातूर जिल्ह्यात. तिसऱ्या ठिकाणी समुद्र नाही, एवढे सांगून ठेवतो.) दापोलीच्या मुरुडात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. गावातून समुद्राकडे जाणारी वाट माडा-पोफळींच्या वाड्यांमधून जाते. ओहोटीला पुळण इतकी रुंद आणि घट्ट होते की लहान मुलांनी पोटभर धावावे. हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो. मासे न खाणाऱ्या मंडळींनीही तो पाहावा, कारण आपल्या मोंढ्यावर हळदीचा सौदा कसा होतो हे जाणणाऱ्याला तेथली बोली ऐकताना घरी आल्यासारखे वाटेल. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले आले, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे चार समुद्राशी नाते सांगणारे आहेत.

आंजर्ल्याच्या उत्तरेस, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास आहे. नाना फडणवीसांचे हे गाव. येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांच्या रक्षणाचे काम आरंभिले. पन्नास-साठ दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडले जाते. तळहाताहून लहान ते पिलू कोणी न शिकवता पाण्याकडे चालू लागते. पाहणारी माणसे त्या वेळी आपोआप गप्प होतात. त्या गावात हॉटेले नाहीत म्हटले तरी चालेल. घरोघर उतरण्याची, जेवणाची सोय होते आणि कासवांमुळे चार पैसे गावात राहू लागले आहेत. विकासाची पुष्कळ उदाहरणे आपण ऐकतो. मला हे सर्वांत पटलेले आहे.

गुहागरची पुळण सरळ, लांबच लांब, मागे सुरूचे बन आणि गावात व्याडेश्वर. दिवेआगर, श्रीवर्धन सुपारीच्या वाड्यांसाठी पाहावीत. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे मूळ गाव. गणपतीपुळ्याविषयी मात्र थोडे थांबून बोलावे लागेल, आणि त्याआधी मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती मी पूर्वी कधी जाहीरपणे सांगितलेली नाही.

१९८९ सालची दिवाळीची सुट्टी. आपला तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. मी तरुण शिक्षक होतो. चाळीस मुले आणि आम्ही तीन शिक्षक एस.टी.ची गाडी ठरवून कोकणात गेलो. समुद्रावर चांदणे पाहायचे म्हणून दिवस मुद्दाम कार्तिकी पौर्णिमेचा धरला होता. त्या गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. तो माझा होता. जेवणे उरकून तीनच्या सुमारास मुले पाण्यात उतरली. खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळ पाणी उथळ आणि शांत दिसत होते. लाटा फुटत नव्हत्या, म्हणून मीच ती जागा सुरक्षित ठरवली.

नववीतला एक मुलगा आमच्या साऱ्या गावात पट्टीचा पोहणारा. पाच परस विहिरीच्या तळाचा खडा काढून आणणारा. तो कमरेभर पाण्यात होता, मग गळ्याइतक्या, आणि मग मला दिसले की तो हात मारतो आहे आणि तरीही दूर जातो आहे. त्याने ओरडणेही थांबवले. मी धावलो, तेव्हा वाळूवर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने माझा दंड धरून मला मागे खेचले. त्याने आणि त्याच्या नातवाने होडी लोटली. मुलाला त्यांनी किनाऱ्यापासून फार आतून उचलून आणले. तो जिवंत होता.

म्हाताऱ्याने मला रागावावे अशी माझी इच्छा होती. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “गुरुजी, आज पौर्णिमा हे ठाऊक होतं ना?” मी म्हणालो, “हो, पौर्णिमा म्हणूनच आलो.” तो म्हणाला, “मग पाणी आता कुठं चाललंय, हे कसं ठाऊक नव्हतं?”

बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पिशवीत होते. आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेले असते. ते पंचांग.

भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, हे आपण शिकवतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. आणि रोज ती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले लोक हा हिशेब तिथीवर करतात. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण भरते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. त्यानंतर साधारण सहा तासांनी पुरी ओहोटी. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूस चांगला जुळतो. दक्षिणेस रत्नागिरी, मालवणकडे भरती काहीशी लवकर येते. नेमकी वेळ स्थानिक माणसाकडून अथवा भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्यावी. पण सकाळी घर सोडतानाच अंदाज बांधण्यास पाऊणपट पुरेशी आहे.

दुसरे असे की सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी चढतेही अधिक, उतरतेही अधिक. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढ-उतार कमी. मुंबईजवळ उधाणाला पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर खालीवर होते. सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढे सारे पाणी सहा तासांत खाडीतून बाहेर पडायचे, आणि ते अरुंद तोंडातून! ओहोटीच्या मधल्या दोन तासांत हा ओढा सर्वांत जोराचा असतो. कार्तिकी पौर्णिमेच्या तीन वाजता, खाडीच्या तोंडाशी, मी चाळीस मुले उभी केली होती.

आपली मुले पोहतात, हे खरे आहे आणि घोळ तेथेच आहे. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून ती विहिरीत शिकतात. विहिरीचे पाणी उभे असते. सिद्धेश्वर, येलदरीच्या कालव्याचे पाणी वाहते, पण एकाच दिशेने. समुद्राचे पाणी आधी पुढे ढकलते आणि मग मागे खेचते. ज्याला मुळीच पोहता येत नाही तो घोट्याएवढ्या पाण्यात थांबतो. विहिरीत पोहणारा आत जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी मी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही.

खाडी नसलेल्या मोकळ्या किनाऱ्यावरही असा ओढा असतो. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी कोठून तरी परत जायला हवे. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. ओळखण्याची खूण अशी की दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत. तेथले पाणी गढूळ अथवा गडद दिसते. अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते. अशा ओढ्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने पोहण्याचा हट्ट करू नये. चांगला पोहणाराही त्यात थकतो. खारे पाणी अंग अधिक उचलते, म्हणून उताणे तरंगावे, हात वर करावा, आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर यावे. काठावरच्या माणसाने पाण्यात उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, चेंडू, जे तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला अथवा कोळ्याला बोलवावे. मला त्या म्हाताऱ्याने खेचले नसते, तर दोघांना शोधावे लागले असते.

आता गणपतीपुळे. देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, अगदी समुद्रासमोर. सोनेरी वाळू, समोर मोकळे क्षितिज. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही तेथे आहे. जागा इतकी देखणी की सूचनांच्या फलकांकडे लक्ष जात नाही. परंतु ही पुळण उताराची आहे. चार पावलांत पाणी गळ्याशी येते आणि परतणारी लाट पायांखालची वाळू काढून नेते. येथे अनेक बळी गेले आहेत. चतुर्थीच्या दिवशी तर गर्दीला पारावार नसतो. पाऊणपटीने पाहिले तर चतुर्थीला दुपारी भरती आणि दर्शन आटोपून मंडळी पाण्याकडे वळतात तेव्हा ओहोटी लागलेली. देवाला नमस्कार करावा, पाय ओले करावेत, सूर्यास्त पाहावा. पोहण्याची जागा ती नव्हे. काशीदची पांढुरकी पुळण सुंदर. तिच्याविषयीही हेच म्हणेन. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग समुद्राच्या खडकांवरून जातो आणि भरतीत पाण्याखाली जातो. तो ओहोटीतच आणि गावकऱ्यांना विचारूनच करावा. अलिबागेला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. जाताना परतीची वेळ मोजूनच पाऊल टाकावे.

दक्षिणेकडे वळतो. सिंधुदुर्ग हा जिल्हा १९८१ साली झाला आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला तटबंदीपेक्षा त्या विहिरींचेच अधिक अप्रूप वाटते. निदान मला वाटले. जवळच तारकर्ली, आणि पुढे देवबाग, जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. संगम पाहावा होडीतून, अंगात जीवरक्षक जाकीट घालून. जाकीट न देणाऱ्या होडीत बसू नये, मग भाडे कितीही कमी असो.

वेंगुर्ल्याच्या खाली शिरोडे आहे. तेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर याच गावी १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. सुरूच्या बनातून पुळणीकडे जाताना, या मास्तरांनी येथे कितीदा फेरफटका मारला असेल, असा विचार माझ्या मनात आला. व्यवसायबंधू म्हणून असेल कदाचित.

जाण्याची वाट अवघड राहिलेली नाही. नांदेड-पूर्णा-परभणीवरून मुंबईकडे अथवा पनवेलकडे रेल्वेने जावे आणि तेथून कोकण रेल्वे धरावी. तो मार्ग १९९८ साली पूर्ण खुला झाला. श्रीवर्धन-हरिहरेश्वरासाठी माणगाव, दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, मालवणसाठी कणकवली किंवा कुडाळ आणि वेंगुर्ल्यासाठी सावंतवाडी, ही उतरण्याची स्थानके. शाळांच्या सहलींना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळते. मुख्याध्यापकांनी आगारात वेळेवर अर्ज करावा. काळ निवडायचा तो सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीनंतर. हळद शिजवून, वाळवून झाल्यावर एप्रिलमध्येही जाता येईल, आंबा मिळेल, पण घामाने जीव नकोसा होईल. मेअखेरपासून समुद्र खवळू लागतो. १ जून ते ३१ जुलै कोळीसुद्धा यांत्रिक नौका बाहेर काढत नाहीत, शासनाचीच तशी बंदी आहे. मग आपण पाण्यात कशाला उतरावे?

तो मुलगा आज पन्नाशीला आला आहे. हळदीचा चांगला शेतकरी आहे. परवा त्याच्या घरून निरोप आला. मुला-नातवंडांना घेऊन मालवणला जायचे म्हणतो, केव्हा जावे? मी पंचांग काढले आणि त्याला अष्टमीच्या आसपासचे दिवस सांगितले. चांदणे अर्धेच मिळेल, असे तो म्हणाला. मी म्हटले, असू दे.

नकाशा मी येथे टेबलावर पसरून ठेवला आहे. ज्या शिक्षकांना सहलीची आखणी करायची आहे त्यांनी पुढे यावे, आणि येताना कोणीतरी कार्यालयातले कॅलेंडर भिंतीवरून काढून आणावे.